तुझ्या ब्रेकअपच्या सहा भागांबद्दल

चि. लेखिकाबाईंस अनेक आशीर्वाद.

तुझ्या स्वतःच्या ब्रेकअपवरच्या विनोदी टीव्ही मालिकेची स्क्रिप्ट वाचली. संवाद खणखणीत आहेत, मैत्रिणींची भांडणं तर झकास. पण पहिला सीन बदलावा लागेल. तो बदललास की पुढची बरीच पडझड आपोआप सावरेल.

तू त्या मुलाला रेस्टॉरंटच्या कोपऱ्यात "आपलं जमणार नाही" म्हणायला लावलंयस. टेबलावर दोघंच. त्यात दुःख आहे, फजिती नाही. फजितीला तिसरा माणूस लागतो, आणि तोही असा की ज्याला कामामुळे तिथून हलता येत नाही. तुझी गोष्ट मँचेस्टरमध्ये घडते, तर तिथलाच भाड्याचा फ्लॅट घे. लेव्हनशुल्म भागातला, भाडं महिना १,१०० पौंड. दोघं फ्लॅट दुसऱ्यांदा बघायला आलेत, सोफा कुठे बसेल ते मोजायला. टेपचं एक टोक तिच्या हातात, दुसरं त्याच्या. एजंट दाराशी उभा. मुलगा म्हणतो, "मी सही करणार नाहीये." ती विचारते, "फ्लॅट आवडला नाही?" तो गप्प. टेप त्याच्या हातून सुटते आणि सर्रकन तिच्या बोटांवर येऊन आपटते. एजंटाला काय बोलावं कळत नाही, म्हणून तो सांगतो की बॉयलर दोनच वर्षांपूर्वी बदललाय.

एवढ्यावर थांब. रडणं नको, पावसात चालणं तर नकोच नको.

आता यातली पैशाची बाजू बघ, कारण पुढचे भाग तीच ओढणार आहे. इंग्लंडमध्ये २०१९ पासून घर राखून ठेवायची रक्कम, म्हणजे होल्डिंग डिपॉझिट, एका आठवड्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. १,१०० गुणिले १२ भागिले ५२, म्हणजे जवळपास २५४ पौंड. ते तिच्या खात्यातून गेलेत. भाडेकरूनं माघार घेतली तर घरमालक ती रक्कम ठेवून घेऊ शकतो. म्हणजे माघार त्याची, पैसे तिचे. ते वाचवायचे तर तिला ठरलेल्या मुदतीत दुसरा जोडीदार-भाडेकरू शोधून त्याच एजंटापुढे उभं राहावं लागेल. दुसऱ्या भागाला कथानक मिळालं, आणि ज्यानं तिची फजिती पाहिली तो माणूसही गोष्टीत परत आला. तुझ्या आत्ताच्या दुसऱ्या भागात ती नुसती पलंगावर पडून असते. सहा पानं उलटून जातात आणि तिला करायला काहीच नसतं.

एजंटाशी तिचं प्रेम जुळवू नकोस. मोह होईल.

ब्रिटिश लेखक स्टीव्हन मॉफटची 'जोकिंग अपार्ट' ही विनोदी मालिका मिळाली तर बघच. बीबीसी टूवर १९९३ आणि १९९५ मध्ये दोन सीझन आले, प्रत्येकी सहा भाग. त्याचं स्वतःचं लग्न मोडलं होतं. निर्मात्यापुढे तो शाळेवरच्या मालिकेची कल्पना मांडत होता, पण रंगायचा मात्र घटस्फोटाचं गाऱ्हाणं सांगताना. शेवटी त्यावरच लिहायचं ठरलं. नायक मार्क विनोदी मालिकांचा लेखक. बायको त्याला सोडून एका इस्टेट एजंटाकडे जाते. पहिल्या सीझनमध्ये काळ सारखा मागेपुढे होतो, आणि मधूनमधून मार्क काळ्या पडद्यापुढे उभा राहून स्वतःच्या संसारावर स्टँड-अप करतो. महत्त्वाचं हे की प्रत्येक गोष्टीचा विनोद करायची त्याची खोड त्याच्याच संसाराला नडते. मॉफटनं लेखकाला, म्हणजे स्वतःलाच, सूट दिलेली नाही. तुझी नायिका पहिल्या भागाच्या चौतीस पानांत एकदाही चुकत नाही. तिला एक खरी खोड दे. ती मुलाला न विचारता निर्णय घेते, असं काहीतरी. फ्लॅटसुद्धा तिनंच ठरवलेला असू दे. (मार्कचं काम करणारा रॉबर्ट बाथर्स्ट पुढे 'कोल्ड फीट' मालिकेत बायकोला फसवणारा नवरा झाला. दोन्ही लागोपाठ बघ, अभिनयाचा धडा आहे.)

सोडून जाणाऱ्याची बाजू बघायची तर 'पुलिंग' ही मालिका. बीबीसी थ्री, २००६ पासून, लेखन शेरॉन हॉर्गन आणि डेनिस केली यांचं. तिथे लग्नाच्या तोंडावर नायिकाच नकार देते, आणि त्यानं काही तिचं भलं होत नाही.

वस्तूंचा वापर 'फ्लीबॅग' मालिकेतून उचल. नायिकेचा प्रियकर हॅरी दर ब्रेकअपला फ्लॅट घासूनपुसून लख्ख करून निघून जातो आणि एक खेळण्यातला डायनासोर मागे ठेवतो, म्हणजे तो न्यायला परत यायला निमित्त. त्या एका वस्तूत सगळं नातं आलं. तुझ्याकडे टेप आहे. ती बॅगेत तिच्याकडेच राहू दे आणि चौथ्या भागाआधी बाहेर काढू नकोस. मात्र नायिकेचं कॅमेऱ्याकडे बघून बोलणं उचलू नकोस. तिथे त्या सवयीचा हिशेब दुसऱ्या सीझनमध्ये चुकता होतो, नायिका मनानं मधेच कुठेतरी निघून जाते हे पाद्र्याच्या लक्षात येतं. तुझ्याकडे ते नुसतं माहिती देण्याचं साधन झालंय. अकराव्या पानावरचं सगळं स्वगत काढ.

सूडाचा सीन एकच ठेव. तिसऱ्या भागात तू त्याची नोकरी घालवलीस, पाचव्यात गाडी फोडलीस, सहाव्यात नव्या मैत्रिणीसमोर त्याची पँट फाडलीस. दुसऱ्या वेळेपासून प्रेक्षकाला त्याची दया यायला लागते.

आणि ज्याच्याशी तुझा खरा ब्रेकअप झाला, त्या मुलाचे व्हॉट्सॲप मेसेज जसेच्या तसे वापरले आहेस ना? काढ. ब्रिटिश कायद्यात मेसेजच्या मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याकडे असतो; फोन तुझा असला तरी शब्द त्याचे. त्याचा व्यवसाय, गाव आणि भांडणाचं कारण, तिन्ही बदल. नुसतं नाव बदलून माणूस लपत नाही, आणि ओळखू आला तर बदनामीचा दावा लागू शकतो.

लांबीचं म्हणशील तर एक पान म्हणजे अंदाजे एक मिनिट. बीबीसीवर अर्ध्या तासाचा भाग जाहिराती नसल्यानं अठ्ठावीस-तीस मिनिटांचा होतो. चॅनल फोरला बावीस-चोवीस मिनिटं, मधे ब्रेक, त्यामुळे मध्यावर एक कलाटणी हवी. चौतीस पानं दोन्हीकडे जास्त आहेत. बीबीसीच्या लेखक विभागाकडे खुल्या प्रवेशिकेत पाठवणार असशील तर पहिल्या चाळणीत सुरुवातीची दहाच पानं वाचली जातात, हे धरून चाल. सध्या तुझा ब्रेकअप चौदाव्या पानावर आहे. तो तिसऱ्यावर आण. ते दोघं आधी किती सुखात होते हे दाखवायला टेप धरून सोफ्यावरून घातलेला अर्ध्या पानाचा वाद पुरतो.

पुढचा खर्डा पाठवशील तेव्हा फक्त पहिली दहा पानं आणि सहा भागांचा प्रत्येकी चार ओळींचा आराखडा पाठव. एजंटाचं नाव आणि तो संध्याकाळी घरी जाऊन काय करतो, हेही ठरवून ठेव.