डोंगराला वणवा लावला की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं, यात तथ्य किती?

तुम्ही विचारलंय की गावाकडे दर मार्चला डोंगर पेटवतात, जाळलं की पावसाळ्यात गवत जोमानं येतं असं जुनी माणसं सांगतात, तर याला शास्त्राचा काही आधार आहे का. मी मावळातला, आणि गवताळ रानं हाच माझ्या अभ्यासाचा विषय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुन्या माणसांनी पाहिलेलं खोटं नाही. जळलेल्या उतारावर पहिल्या पावसानंतर हिरवळ लवकर दिसते, कारण वाळक्या गवताचं आच्छादन गेलेलं असतं आणि नव्या पात्यांना ऊन थेट मिळतं. पाती कोवळी असतात, गुरंही तिकडेच ओढ घेतात. पण गवत लवकर दिसणं वेगळं आणि वर्षाकाठी जास्त मिळणं वेगळं.

जळलेल्या उतारावरचा एखादा ठोंब बोटांनी उकरून पाहा. वर सगळा कोळसा, पण जमिनीखाली बोटभर गेलात की पांढरट कोंब शाबूत असतो. गवताची आग एका जागी फार वेळ थांबत नाही आणि मातीतून उष्णता खूप हळू उतरते. वर ज्वाळा शेकडो अंशांची असली तरी तिची झळ तिथवर पोचत नाही. म्हणजे आगीनं गवताला काही दिलेलं नसतं, गवत आगीतून वाचलेलं असतं.

राखेचं खत होतं म्हणावं, तर नत्र बहुतांशी धुराबरोबरच निघून जातं. पालाश, चुना, थोडं स्फुरद राखेत उरतं, पण उघड्या पडलेल्या उतारावर ती राख टिकते कुठे? वळवाची एक जोरदार सर आली की ओढ्याला काळं पाणी येतं. त्यात राख असते आणि तिच्याबरोबर मातीही. भाताची रोपं वाढवायला जमीन भाजतात, त्या राबाची गोष्ट निराळी आहे. तिथे टहाळ, शेण, पालापाचोळा आणून लहानशा सपाट वाफ्यावर भाजतात आणि राख जागच्या जागी राहते. राबाचा अनुभव डोंगराला लावला गेला असावा, असं मला वाटतं.

आता चाऱ्याचं बघू. वारंवार आग आणि चराई झाली की मारवेल, पवन्या ही गुरांना आवडणारी गवतं मागे पडतात आणि कुसळी माजते. कुसळीचं एक कुसळ तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाका. ते डोळ्यांदेखत पीळ सोडत फिरायला लागतं. ओल आणि सुकं आलटून पालटून मिळालं की ते असंच फिरत बी जमिनीत रुतवतं. आग येते तेव्हा बी मातीखाली सुखरूप असतं. तुम्ही दरवर्षी पेटवता तेव्हा नेमकं त्याच गवताला मोकळं रान करून देता, ज्याची कुसळं पुढे शेळ्यामेंढ्यांच्या तोंडात आणि कातडीत रुततात.

झाडांचं नुकसान याहून मोठं, पण ते दिसत नाही. सालीखालचा जिवंत थर साधारण 60 अंशाला मरतो. साल दुप्पट जाड असेल तर झाडाला आग सोसायला चौपट वेळ मिळतो. म्हणून मोठा ऐन तगतो आणि अंगठ्याएवढं रोप जातं. मुळं जिवंत असतात, पावसाळ्यात फुटवा येतो, मार्चमध्ये तो पुन्हा जळतो. आपल्या डोंगरावर गुडघ्याएवढं दिसणारं पळसाचं झुडूप मुळापासून कितीतरी वर्षांचं असू शकतं. त्याला सालीला जाडी येईपर्यंत सलग काही वर्षं मिळायला हवीत, तीच मिळत नाहीत. याच दिवसांत रातवे आणि टिटव्या जमिनीवर अंडी घालतात, त्यांच्याबद्दल तर कुणी बोलतही नाही.

म्हणून आग म्हणजे वाईटच, असंही मी म्हणणार नाही. कर्नाटकात बिळिगिरीरंगन टेकड्यांवर सोलिगा आदिवासी पाचोळा फार साचण्याआधी, हंगामाच्या सुरुवातीलाच हलकी आग लावत. 1974 मध्ये अभयारण्य झालं, ती आग थांबली. पुढे 1997 आणि 2008 मधल्या पाहण्यांत घाणेरी (लँटाना) हे बाहेरून आलेलं झुडूप झपाट्यानं पसरल्याचं दिसलं. आग बंद झाल्यानं घाणेरी वाढली असं सोलिगा सांगतात आणि संशोधकांनी त्यांचं म्हणणं गांभीर्यानं घेतलं आहे. उत्तर ऑस्ट्रेलियातही आदिवासींच्या जुन्या रीतीनं कोरड्या हंगामाच्या सुरुवातीला थोडं थोडं जाळून नंतरचे मोठे वणवे आटोक्यात ठेवतात. आग कधी, किती आणि कितीदा, यावर सगळं ठरतं. मार्चची दुपार ही त्यासाठी सगळ्यात वाईट वेळ.

गवत इतकं बारीक इंधन आहे की तासाभराच्या उन्हात ते सुकून पेटायला तयार होतं. त्यात चढ असेल तर ज्वाळा वरच्या गवताला टेकतात आणि ते आधीच तापवून ठेवतात. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासातून आलेला ठोकताळा असा की उतार 10 अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग दुप्पट होतो. आपल्या डोंगरांना 30 अंशांचा चढ सहज असतो, म्हणजे आठपट. मार्च 2018 मध्ये तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीला डोंगर उतरणारे वीसहून अधिक ट्रेकर वणव्यात गेले. तेव्हा खाली धूर दिसला तर वर पळू नका. शक्य असेल तर आडवं निघून उघड्या कातळावर किंवा आधीच जळून गेलेल्या जागेवर जा.

राखीव वनात आग लावणं 1927 च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहेच, पण तुमचा प्रश्न मालकीच्या डोंगराचा दिसतो. तिथे दिवाळीनंतर गवत कापून गंजी लावा, आणि वनहद्दीकडच्या बाजूला वनरक्षकाला सांगून थंडीतच जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा, काढून घ्या. गावकऱ्यांना माझं म्हणणं पटणार नाही, तर पट्टा पाडून दाखवा. एकाच उताराचा अर्धा भाग दोन-तीन वर्षं आगीपासून राखा, अर्धा त्यांच्या पद्धतीनं राहू द्या, आणि कापणीला दोन्हीकडचे भारे वजन करून लिहून ठेवा. पहिल्या वर्षी फारसा फरक दिसणार नाही. तेव्हा वजनाबरोबर भाऱ्यात कुसळी किती आणि पवन्या किती, हेही बघत चला.