आरशातल्या रूपांची औषधं वाचताना

काही औषधांचे रेणू आरशातल्या प्रतिमांसारख्या दोन रूपांत असतात; त्यांना लिव्हो-डेक्स्ट्रो किंवा आर-एस अशी नावं देतात. फार्मसीच्या पहिल्या वर्षाला असाल तर आधी हा गोंधळ मिटवा: लिव्हो म्हणजे एस नव्हे. ध्रुवित प्रकाश डावीकडे वळतो (लिव्हो) की उजवीकडे (डेक्स्ट्रो), हे पोलॅरिमीटर हे उपकरण सांगतं. आर-एस ठरतं कार्बनला जोडलेल्या गटांच्या अग्रक्रमावरून. म्हणूनच लिव्होफ्लॉक्सॅसिन एस आहे, तर लिव्होसेटिरिझिन आर.

अ‍ॅलर्जीवरच्या सेटिरिझिनमध्ये दोन्ही रूपं असतात, त्याची मात्रा १० मिग्रॅ; नुसतं आर रूप असलेल्या लिव्होसेटिरिझिनची ५. कारण एच-१ रिसेप्टरला (पेशीवरच्या हिस्टामिनच्या जागेला) घट्ट चिकटतं ते मुख्यतः आर रूप. पण हे ‘निम्मं करा’ गणित सगळीकडे लावू नका. आम्लपित्तावरच्या ओमेप्राझोलची दोन्ही रूपं जठरात एकाच क्रियाशील रेणूत बदलतात. एसोमेप्राझोलचा, म्हणजे त्यातल्या नुसत्या एस रूपाचा, फायदा एवढाच, की यकृत त्याला सावकाश मोडतं.

वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध मात्र नीट घोटून घ्या. त्यातलं एस रूप आरपेक्षा ३ ते ५ पट प्रभावी, आणि त्याला मोडतं सीवायपी२सी९ हे एन्झाइम. मेट्रोनिडॅझोल हे जंतुनाशक औषध नेमकं तेच एन्झाइम अडवतं, मग आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) चढतो, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आणि थॅलिडोमाइड घेतलेल्या गर्भवतींची बाळं व्यंग घेऊन जन्मली; त्याचं शुद्ध आर रूप दिलं असतं तर हा अनर्थ टळला असता, असं कुठे वाचलंत तर सरळ काट मारा. शरीरात दोन्ही रूपं काही तासांतच एकमेकांत बदलतात.