'उत्तरदायी' म्हणजे उत्तर देणारा?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेतल्या एका अभ्यासाचा अनुवाद करताना 'रिस्पॉन्सिव्ह' लोकप्रतिनिधीला 'उत्तरदायी' म्हणावं का?

म्हणू नये. फोड केली तर उत्तर देणारा तो उत्तरदायी, हे खरं. पण सरकार संसदेला उत्तरदायी असतं म्हणजे तिथे त्याला जाब द्यावा लागतो. हा शब्द त्या अर्थाशी कायमचा बांधला गेला आहे, आणि या अभ्यासात कुणी कुणाला जाब विचारलेला नाही.

बटलर आणि ब्रूकमन या संशोधकांनी २००८ साली ४४ राज्यांतल्या ४,८५९ विधिमंडळ सदस्यांना ईमेल पाठवले. विचारणा साधी होती: मतदार म्हणून नाव कसं नोंदवायचं? खाली सही कुठे 'जेक म्यूलर', कुठे 'डेशॉन जॅक्सन'. पहिलं नाव वाचून गोरा माणूस डोळ्यांपुढे येतो, दुसरं वाचून कृष्णवर्णीय. डेशॉनला शेकडा साधारण पाच उत्तरं कमी आली. गोऱ्या सदस्यांचा हा कल दोन्ही पक्षांत दिसला. अल्पसंख्याक सदस्यांचा कल उलट होता.

मोजलं काय, तर उत्तर आलं की नाही. म्हणून तक्त्यात सरळ 'उत्तर मिळण्याचं प्रमाण' लिहावं आणि एरवी 'दखल घेणे' वापरावं. 'प्रतिसादक्षमता' तर नकोच. क्षमता सगळ्यांकडेच होती. 'दाद लागणे' मला फार आवडतं, पण त्याला गाऱ्हाण्याचा वास आहे आणि डेशॉनचं काही गाऱ्हाणं नव्हतं.

विचारलेलं नाही, तरी एक सांगतोच. याच अनुवादात 'कॉन्स्टिट्युअंट'साठी 'मतदार' हा शब्द आला आहे. जो माणूस नाव कसं नोंदवायचं हेच विचारतो आहे, तो अजून मतदार झालेला नाही! तिथे 'मतदारसंघातला रहिवासी' म्हणायला हवं. शब्द लांबतो, लांबू दे. ब्रूकमन यांच्या २०१३च्या प्रयोगात तर पत्रलेखक कधी मतदारसंघातला, कधी दूरचा दाखवला आहे, आणि सगळं त्या फरकावरच उभं आहे: दूरच्या कृष्णवर्णीय माणसाला उत्तर देणं कृष्णवर्णीय सदस्यांनी इतरांपेक्षा कमी टाळलं. दोघांना 'मतदार' म्हटलं की प्रयोगच पुसला जातो.

'वर्णद्वेष'ही बदलून 'वांशिक भेदभाव' करावं. द्वेष मनात असतो. इथे मोजली ती कृती.