रंगपत्रं : वाळवंटातलं पांढरं झाड

प्रश्न : मी आटपाडीचा, वय एकवीस, ए.टी.डी.च्या (कलाशिक्षक पदविकेच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. लँडस्केपसाठी मित्र कोकणात जातात. आमच्याकडे नुसता माळ, बाभळी आणि फुफाटा. रंगवायला बसलो की कागदभर चॉकलेटी होतं, आणि उन्हात वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, पसरायच्या आधीच वाळतो. सरांनी ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातले आल्बर्ट नामात्जिरा बघायला सांगितले. पण वाचलं, की ते एका गोऱ्या चित्रकाराकडून शिकले आणि त्याच्यासारखंच रंगवत राहिले. मग त्यांचं स्वतःचं काय?

उत्तर : सरांना माझा नमस्कार सांग, त्यांनी नाव अगदी नेमकं सुचवलंय. माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा आहेस, म्हणून 'तू' म्हणते. मीही जलरंगातलीच, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

नामात्जिरा 1902 साली मध्य ऑस्ट्रेलियात, हर्मन्सबर्ग या लुथरन ख्रिस्ती मिशनच्या वस्तीत जन्मले. ते अरांडा या तिथल्या आदिवासी समाजाचे. वस्ती फिंक नदीच्या काठी आहे, पण ही नदी वर्षातला बहुतेक काळ नुसता वाळूचा पट्टा असते. माणगंगेच्या काठी वाढलेल्या तुला ते वेगळं सांगायला नको. तेराव्या वर्षी जाणत्यांनी त्यांना सहा महिने रानात ठेवून समाजाची दीक्षा दिली. पुढे त्यांनी लोहारकी केली, सुतारकी केली, गुरं राखली, उंट हाकले. 1920च्या दशकाच्या अखेरीस मोठा दुष्काळ पडला आणि वस्तीतली कितीतरी मुलं दगावली. मेलबर्नच्या चित्रकार व्हायोलेट टीग आणि त्यांची बहीण उना यांनी चित्रांचं प्रदर्शन भरवून पैसा उभा केला आणि 1935 मध्ये कुप्रिल्या झऱ्याचं पाणी नळानं वस्तीत आलं. चित्रांच्या पैशातून गावाला पाणी मिळालं, ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगायचे.

ते गोरे चित्रकार म्हणजे रेक्स बॅटरबी, पहिल्या महायुद्धात जबर जखमी झालेले. 1934 मध्ये त्यांनी आणि जॉन गार्डनर यांनी मिशनवर आपली जलरंगातली चित्रं मांडली. नामात्जिरांनी ती पाहिली. 1936 मध्ये बॅटरबी परत आले तेव्हा नामात्जिरा उंटवाले म्हणून त्यांच्यासोबत निघाले आणि त्या बदल्यात रंगवायला शिकवा म्हणाले. जेमतेम दोन महिन्यांची ही शिकवणी. दोनच वर्षांनी, 1938 मध्ये, मेलबर्नला त्यांचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन भरलं. 41 चित्रं होती, सगळी विकली गेली.

आता तुझा खरा प्रश्न. काही समीक्षकांनी त्यांना आयुष्यभर 'युरोपीय पद्धतीची नक्कल करणारा' म्हणून बाजूला ठेवलं. मला हे कधीच पटलं नाही. कागद ओला कसा करायचा, लांबचा डोंगर फिका का ठेवायचा, हे बॅटरबींनी शिकवलं, बरोबर. पण वाट कोणाला ठाऊक होती? उंट पुढून कोण हाकत होतं? बॅटरबी त्या मुलखात चित्रविषय शोधत आले होते. नामात्जिरांना त्यातल्या डोंगराडोंगराची, घळीघळीची पूर्वजांपासून चालत आलेली कथा माहीत होती. ज्याला इंग्रजी नकाशा माउंट सोंडर म्हणतो, तो अरांडांचा र्वेत्येप्मे. नामात्जिरांनी तो पुन्हापुन्हा रंगवला. एकाच जागेकडे इतक्यांदा परतणाऱ्या माणसाला नक्कल करणारा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मुलगी मेलबर्नला असताना मी हट्टानं ॲलिस स्प्रिंग्जला जाऊन आले. तिथल्या आरालुएन कलाकेंद्रात त्यांची मूळ चित्रं पाहिली. छापील प्रतींत ती भडक वाटतात, म्हणून तू नेटवरच्या प्रतींवर विसंबू नकोस. प्रत्यक्षात ती फार मृदू आहेत. घोस्ट गम नावाचं झाड तिथे वाढतं, खोड चुन्यानं सारवल्यासारखं पांढरं. त्या खोडाला पांढरा रंग लावल्याचं मला कुठे दिसलं नाही. तो कोराच सोडलेला कागद आहे, आणि सावलीच्या बाजूला निळसर जांभळ्याची एक पातळ पट्टी. तेवढ्यात खोड गोल होतं, त्यावर ऊन पडतं. मी त्या चित्रासमोरून बराच वेळ हलले नाही. वही काढली होती, पण काही लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी हर्मन्सबर्गच्या रस्त्याला लागलो, सव्वाशे किलोमीटर पश्चिमेला. आदल्या दिवशी कागदावर जे पाहिलं ते काचेबाहेर होतं. लांबचे डोंगर खरोखरच जांभळे. जवळची माती विटेसारखी लाल, आणि तिच्यावर स्पिनिफेक्स गवताचे पिवळट झुबके.

तुझा चॉकलेटी इथून येतो, असा माझा अंदाज आहे : तू 'माळ' रंगवतोस, एक सबंध माळ, एका दमात. सकाळी आठच्या आत बाहेर पड आणि ओढ्यापलीकडच्या टेकाची फक्त सावलीची बाजू बघ. तिथे तुला अल्ट्रामरीन निळा सापडेल. उजेडाच्या बाजूला 'लाइट रेड' हा मातकट लाल अगदी पातळ लाव आणि दोन्ही रंग पॅलेटवर एकमेकांत कालवू नकोस, शेजारीशेजारी ठेव. वॉश वाळतो म्हणून कुढू नकोस. मोठा वॉश फक्त आकाशाला ठेव, बाकी हाताच्या पंजाएवढे तुकडे करून रंगव. हिवराच्या खोडावर ऊन असेल तिथे कागद कोरा सोड. आणि तुझ्या आजोबांना विचार, त्या टेकाला काय म्हणतात. चित्रामागे ते नाव लिही.

प्रश्न : गेल्या अंकात तुम्ही नामात्जिरांचा ओझरता उल्लेख केला होता. एवढ्या नावाजलेल्या चित्रकाराला तुरुंगवास झाला होता, हे खरं का? – एक वाचक, लातूर

उत्तर : खरं आहे, आणि लिहिताना आजही राग येतो. 1954 मध्ये त्यांना कॅनबेराला इंग्लंडच्या राणीसमोर नेलं. पण त्याआधी गुरं चारायला जमीन मागितली तर नाकारली, ॲलिस स्प्रिंग्जमध्ये घर बांधायचं म्हटलं तर तेही नाकारलं. 1957 मध्ये त्यांना आणि पत्नी रुबिना यांना आदिवासींवर असलेल्या सरकारी पालकत्वातून मोकळं करून नागरिकत्वाचे हक्क दिले, मुलं मात्र पालकत्वाखालीच राहिली. या हक्कांमुळे नामात्जिरांना दारू विकत घेता येई, पण अजून पालकत्वाखाली असलेल्या आप्तांना ती देणं गुन्हा ठरे. अरांडांमध्ये असेल ते नात्यागोत्यात वाटून घेणं हे कर्तव्य आहे. 1958 मध्ये दारू दिल्याच्या या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांची शिक्षा झाली, अपिलात तीन महिन्यांवर आली आणि प्रत्यक्षात दोन महिने त्यांना पापुन्याच्या वस्तीत स्थानबद्ध ठेवलं. सुटल्यावर काही महिन्यांतच, 8 ऑगस्ट 1959 रोजी, ते गेले. वय 57.

1983 मध्ये सरकारी विश्वस्तांनी त्यांच्या चित्रांचे स्वामित्वहक्क साडेआठ हजार डॉलरना एका प्रकाशकाला विकून टाकले. वारसांनी वर्षानुवर्षं लढा दिला आणि 2017 मध्ये ते नामात्जिरा न्यासाकडे परत आले, नाममात्र 1 डॉलरला. पणतू व्हिन्सेंट नामात्जिरा आज चित्रकार आहेत. ऑस्ट्रेलियातला व्यक्तिचित्रांचा मानाचा आर्चिबाल्ड पुरस्कार 2020 मध्ये त्यांना मिळाला.