लोलक रेनेसाँ काळातलं की नंतरचं?

प्रश्न : आजीच्या पेटीत जहाजाच्या आकाराचं लोलक सापडलं. चांदीवर सोन्याचा मुलामा, रंगीत मीना, खाली बेडौल मोती. ते रेनेसाँ म्हणजे युरोपातल्या प्रबोधनकाळातलं, सोळाव्या शतकातलं असेल का? काळवंडलंय, आमसुलाने उजळवू का? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : आमसूल मुळीच नको! मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आम्लाने त्याची झिलई कायमची जाते. पावडरने घासलंत तर मुलामा उडेल.

आता वय. त्या काळची अशी उंची लोलकं बहुधा सोन्याची असत, त्यामुळे मुलाम्याची चांदी हीच पहिली शंका. दहापट भिंगाने कडी आणि मागची बाजू पाहा. डायनादेवीच्या मस्तकाचा ठसा दिसला, तर ते १८६७ ते १९२२ मधलं ऑस्ट्रिया-हंगेरीचं काम. सोबत ३ आकडा असेल तर चांदी हजारी ८००, म्हणजे हजारात ८०० भाग शुद्ध. ठसा नसला म्हणून जुनं ठरत नाही. जर्मनीतल्या आखेनचा सोनार राइनहोल्ड फास्टर्स (१८२७–१९०९) रेनेसाँ धाटणीचे दागिने घडवी; त्याची रेखाटनं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. त्यांच्याशी ताडल्यावर मोठमोठ्या संग्रहांतले ‘रेनेसाँ’ दागिनेही एकोणिसाव्या शतकातले निघाले. तरी अशा कामाची कारागिरी मोलाचीच.

कडी तुटली तर सोनाराला डाक लावू देऊ नका : आचेने मीना तडकतो, मोती करपतो. अल्ट्रासॉनिक यंत्रही टाळा. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. रबरबँड नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. आगोटीआधी सिलिका जेलची एकच छोटी पुडी ठेवा. फार कोरड्या हवेत मोत्याला चिरा जातात.