स्पेशल पथकात जायचंय म्हणतेस, तर

चि. भाची,
अनेक आशीर्वाद.

कर्नाटक पोलिसांत कॉन्स्टेबलची परीक्षा देऊन पुढे सीईएन ठाण्यात जायचं, असं लिहिलंस. सायबर फसवणूक, आर्थिक गुन्हे आणि अमली पदार्थ, तिन्ही एकाच छपराखाली. काम चांगलंच आहे. पण आधी साध्या ठाण्यात बीट, बंदोबस्त आणि समन्स वाटणं चुकत नाही. ते नोकरीवरचं संकट समजू नकोस. सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावरून अवेळी जाणारी गाडी कुणाची, चोर्ला घाटातून गोव्याची दारू कुठं उतरते, हे ठाण्यातल्या जुन्या हवालदाराला माहीत असतं. विशेष पथकाला शेवटी त्याचाच दरवाजा ठोठवावा लागतो.

सिनेमात छापा पडला की गोष्ट संपते. आपल्याकडे खरं काम तिथून पुढं. गांजाचंच घे. २० किलोच्या वर म्हणजे व्यापारी प्रमाण, शिक्षा किमान १० वर्षं. शिक्षा एवढी मोठी, म्हणून कोर्ट कागदाचा काटाही तेवढाच बारीक धरतं. खबर मिळाली की ती लिहून ७२ तासांत वरिष्ठांकडे पोचली पाहिजे. अंगझडती असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागण्याचा हक्क आरोपीला आधी सांगायचा. पिशवीच्या झडतीला ही अट नाही. नमुने मॅजिस्ट्रेटसमोर. यातलं एक राहिलं की बचावाचा वकील तिथंच बोट ठेवतो. आणि बाईची अंगझडती बाईनंच घ्यायची, हा कायदाच आहे. म्हणजे छाप्याला तू लागणारच.

सायबरमध्ये घाई महत्त्वाची. फसलेला माणूस लाजेनं दोन दिवस गप्प बसतो, तोवर पैसे चार खाती पार करतात. १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन आला तरच ते अडवता येतात. गावागावांत हे सांगत फिरणं हाही तपासच, असं माझं मत; काही साहेबांना ते पटत नाही.

प्रयोगशाळेला कमी लेखू नकोस. धारवाडला २०१५ साली विचारवंत कलबुर्गींचा खून झाला, बंगळूरला २०१७ साली पत्रकार गौरी लंकेश यांचा. दोन्हीकडच्या काडतुसांच्या पुंगळ्यांवरच्या खुणा जुळल्या आणि ७.६५ मिमीचं एकच देशी पिस्तूल वापरल्याचा निष्कर्ष निघाला. त्या पुंगळ्या कुणीतरी नीट उचलून सीलबंद केल्या होत्या, म्हणूनच ना?

आता भाषा. केस डायरी कन्नडमध्ये लिहावी लागते, म्हणून लिहिण्याचा सराव आजपासून कर. बोलता येतं एवढ्यावर भागत नाही. मराठी तुला कागल, चंदगडच्या पोलिसांशी बोलायला उपयोगी पडेल. निपाणीत चोरी करून माणूस पाऊण तासात कोल्हापुरात पोचतो. तिथल्या एखाद्या हवालदाराशी तुझी ओळख असेल तर एका फोनवर काम होतं, नाहीतर पत्रव्यवहारात आठवडा जातो.

एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याची कलमं ४२, ५० आणि ५२ अ वाचून ठेव. शंका असतील तर रविवारी दुपारनंतर ये, सकाळी मी शेतावर असतो. येताना भरतीची जाहिरातही आण, उंचीची अट एकदा बघून घेऊ.

तुझा,
मामा