यंत्र म्हणतं फवारा, नाना म्हणतात थांबा

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची चार एकर थॉमसन द्राक्षबाग आहे, वाय पद्धतीच्या मांडवावर. गेल्या हंगामात बागेत हवामान यंत्र बसवलं. मोबाइलवर डाऊनी-भुरी या बुरशीजन्य रोगांचा धोका येतो, पाणी किती द्यायचं तेही येतं. पण फुलोऱ्यात जवळपास रोज सकाळी 'डाऊनीचा धोका जास्त' असंच येत राहिलं. सासरे, म्हणजे आमचे नाना, पहाटे पानं उलटी करून बघायचे आणि म्हणायचे, काही नाही, थांबा. मिस्टर म्हणतात, पैसे मोजलेत तर यंत्राचं ऐका. आता गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची ऑक्टोबर छाटणी, तोंडावर आलीये. कुणाचं ऐकू? आणि वर्षाची वर्गणी पुन्हा भरू का?

उत्तर : ताई, भांडण यंत्राचं आणि नानांचं नाहीच. दोघं वेगवेगळी गोष्ट बघतायत. यंत्र हवा मोजतं, बुरशी मोजत नाही. तुमच्या बागेत डाऊनी आहे की नाही, हे त्याला कळायची सोयच नाही.

रात्री आर्द्रता 95 टक्क्यांच्या वर काही तास टिकली की रोगट पानाच्या खालच्या बाजूला पांढरी लव धरते. तिच्यातले बीजाणू दुसऱ्या पानावर पडले आणि ते पान 20 ते 25 अंशांत दोन-तीन तास ओलं राहिलं, की काम झालं. तेलकट डाग मात्र पुढे पाच-सात दिवसांनी दिसतो. म्हणजे नानांना दिसतो तो गेल्या आठवड्यातला रोग. आज रात्री काय शिरतंय ते फक्त यंत्राला कळू शकतं, आणि तेही पान ओलं असल्याचं ते खरं सांगत असेल तर.

माझा संशय तिथेच आहे. पानाचा ओलावा मोजणारी ती छोटी पट्टी कुठे लावलीय? विहिरीजवळच्या मोकळ्या खांबावर असेल तर ती तुमच्या कॅनॉपीतलं, म्हणजे वेलीच्या पानोऱ्यातलं, काहीच सांगत नाही. पाऊस मोजायला मोकळी जागा हवी, पण ही पट्टी घडांच्या उंचीवर, पानांच्या आतच हवी. शिवाय फवारणीचा ब्लोअर फिरला की ती औषधाने भिजते आणि ॲपला वाटतं दव पडलं. तांब्याचा, गंधकाचा थर तिच्यावर साचतो, तो हवेतली ओल धरून ठेवतो. बसवणारा हे सांगत नाही, कारण पुसायला त्याला यावं लागेल. सोपी परीक्षा करा : रखरखीत दुपारी दोन वाजता ॲपमध्ये पान ओलं दिसतंय का? दिसत असेल तर ओल्या फडक्याने पट्टी हलकेच पुसा, सुकू द्या, पुन्हा बघा. तरी ओलंच दाखवत असेल तर पट्टी बदलून मागा.

पोंगा (डोळा फुटताना) ते मणी सेटिंग (मणी धरणं) या काळात मात्र मी नानांचंही पूर्ण ऐकणार नाही. पाऊस झाला, रात्र ओली गेली आणि पट्टी स्वच्छ असताना इशारा आला, तर डाग दिसायची वाट बघू नका. घडावर डाऊनी आला की मागे फिरता येत नाही. मणी वाटाण्याएवढे झाले की घडाचा धोका बराच उतरतो. तिथून पुढे नानांचा शब्द मोठा. काढणी जवळ येते तसा फळातल्या औषधांच्या अवशेषांचा हिशेब असतो. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या संजीवकाच्या अंशापायी युरोपात आपले कंटेनर कसे अडकले, ते निफाडात कुणाला सांगायला नको.

भुरीच्या इशाऱ्याकडे मी फारसं बघत नाही. त्यातलं बहुतेकांचं गणित कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या मॉडेलवरून आलंय : सलग सहा तास 21 ते 30 अंश तापमान, की धोका वाढला. आपल्याकडे नोव्हेंबरात ही अट कुठल्या दिवशी पुरी होत नाही? भुरीला पानावर पाणी लागतही नाही. फुटी विरळ करा, हवा खेळती ठेवा.

पाण्याचं जास्त जपून. काळी जमीन भेगाळली की मातीतल्या सेन्सरभोवती पोकळी होते, तो 'कोरडं' म्हणतो आणि तुम्ही वाफशावर, म्हणजे पुरेशा ओलीवर, असलेल्या बागेला पुन्हा पाणी देता. आठवड्यातून एकदा ड्रिपरच्या बाजूला वीतभर उकरून मातीचा गोळा वळून बघा. आणखी एक विचारा : ॲप पाणी सबंध एकराचं धरतं की ठिबकखाली भिजणाऱ्या जागेपुरतं? एकरावर 1 मिलिमीटर म्हणजे सुमारे 4,000 लिटर, त्यामुळे इथली गफलत स्वस्त नाही.

वर्गणी? पट्टी सुधारली आणि छाटणीची तारीख प्लॉटवार भरता येत असेल, तर एक वर्ष भरा. शेजारच्या बागायतदाराला हवेच्या आकड्यांत वाटेकरी करून घ्या, मातीचे आकडे मात्र ज्याचे त्याच्यापुरतेच. पावसाच्या अंदाजाला पैसे देऊ नका, हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी फुकट मिळतो. मागच्या हंगामाचे आकडे मात्र आत्ताच उतरवून घ्या, वर्गणी थांबली की ते बंद होऊ शकतात.

आणि विक्रेत्याने फळपीक विम्याला हे आकडे चालतील असं सांगितलं असेल, तर ते सोडून द्या. हवामान आधारित विम्यात भरपाई ठरते ती महसूल मंडळासाठी नेमलेल्या संदर्भ केंद्राच्या नोंदीवर. तुमच्या बागेतल्या खांबाचा तिथे विचार होत नाही.